बेड गेलाय म्हणायच्या आधी: घरच्या लेथबद्दल वाचकांचे प्रश्न

जून संपत आला की या सदराकडे लेथचे, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवत टूलने कापणाऱ्या मशीनचे, प्रश्न एकदम वाढतात. कुणाच्या बेडवर (मशीनच्या लांब बैठकीवर) तांबूस डाग पडलेत, कुणाचा चक (जॉब पकडणारा पंजा) जाम झालाय, कुणी उन्हाळाभर मशीन झाकून ठेवलं होतं ते आता उघडलंय. म्हणून यावेळी सगळी जागा लेथलाच देतोय. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसली, काही बिघडलं की लगेच पार्ट बदलायचा विचार, नवीन चक, नवीन बेअरिंग, बेड ग्राइंडिंग. अहो थांबा जरा. आधी पुसा, तेल द्या, जे ढिलं असेल ते आवळा, मग डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा गेज) लावून मोजा, आणि एवढं करूनही दोष दिसला तरच खिशात हात घाला. घरच्या लेथचं बरंचसं दुखणं या चार पायऱ्यांतच सापडतं.

प्रश्न (कोथरूड): भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप बंद झालं तिथून साडेचार फुटी लेथ घेतला, बंगल्याच्या मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर ठेवलाय. १०० एमएम लांबीत टर्निंग केलं की चकपासून लांबच्या टोकाला जॉब ०.०६ एमएमने जाड येतो. एक मेकॅनिक येऊन बघून गेला, म्हणाला बेड गेलाय, उतरवून ग्राइंडिंगला द्यावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून झोप उडालीये. खरंच बेड गेला असेल का?

उत्तर: तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी बेडवर संशय घ्यायचं कारण मला दिसत नाही, उलट जे लक्षण आहे ते बेड झिजल्याच्या अगदी विरुद्ध आहे. बेड झिजतो तो चकच्या जवळ, कारण आयुष्यभर छोटे जॉब तिथेच होतात आणि कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) तिथेच मागेपुढे फिरत राहतं. तिथली पुढची व्ही (कॅरेज जिच्यावरून सरकतं ती कड) झिजली की कॅरेज पुढच्या बाजूला किंचित झुकतं, टूल जॉबपासून लांब जातं आणि जॉब चकच्या जवळ जाड येतो. तुमचा लांबच्या टोकाला जाड येतोय. आणि बेड झिजून टूल नुसतं खाली बसलं असेल तर त्याने व्यासात फरक किती पडतो माहितीये का, २५ एमएमच्या जॉबवर टूल ०.१ एमएम खाली गेलं तर व्यास एक मायक्रॉनसुद्धा (०.००१ एमएम) बदलत नाही. हे कागदावर पायथागोरस मांडून बघा, लगेच पटेल.

मग दोष कुठे? आधी चाचणी नीट घ्या. २५ एमएमचा एमएस (माइल्ड स्टील) बार घ्या, चकच्या बाहेर साधारण १०० ते १२० एमएम ठेवा, आणि टेलस्टॉक (जॉबच्या मोकळ्या टोकाला आधार देणारा भाग) लावू नका. टेलस्टॉक लावला की त्याचा स्वतःचा दोष मिसळतो आणि मग कशामुळे काय होतंय ते कळतच नाही. बारचा मधला भाग एकदीड एमएम खाली घ्या म्हणजे दोन्ही टोकांना दोन कॉलर उरतील. आता टूल चांगलं घासून धार लावा, ०.१ एमएमपेक्षा जास्त कट घेऊ नका, आणि एका कॉलरवरून दुसऱ्या कॉलरवर जाताना क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबकडे आतबाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) हँडलला हात लावायचा नाही. टूल बोथट असेल किंवा कट जास्त असेल तर बारचं मोकळं टोक मागे ढकललं जातं आणि ते टोक आपोआप जाड येतं, त्यात मशीनचा काही दोष नसतो. तुमचे ०.०६ मधले काही मायक्रॉन इथेच निघून गेले तर मला आश्चर्य वाटणार नाही. दोन्ही कॉलर मायक्रोमीटरने मोजा, व्हर्निअरवर एवढ्या बारीक फरकाचा भरवसा ठेवू नका.

फरक अजूनही आला तर पहिला संशय बेडला पडलेल्या पिळावर. बीड (कास्ट आयर्न) कितीही जाड दिसलं तरी ते वाकतं, आणि चार पाय उंचसखल फरशीवर ठेवून बोल्ट कचकचून आवळले की बेड पिळतोच. शहाबादी फरशी तर कधीच सपाट नसते. तर चारही बोल्ट ढिले करा, मशीनला मोकळं बसू द्या, आणि प्रत्येक पायाखाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) घालून बघा कुठे फट आहे. फट तेवढी शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालून भरा, मग बोल्ट हलक्या हाताने आवळा आणि परत दोन कॉलरची चाचणी घ्या. त्यानंतरही लांबचं टोक जाड असेल तर टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा पाय, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूचा, शिमने थोडा उचला. पुढचा पाय उचलला की बेडचं ते टोक मागे कलतं, त्यावरचं टूल जॉबकडे सरकतं आणि तिथला व्यास कमी होतो. लांबचं टोक बारीक येत असेल तर मागचा पाय उचलायचा. शिम म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा छान चालतो, तो साधारण ०.१ एमएमचा असतो, त्याहून पातळ हवी असेल तर जुन्या फीलर गेजची पाती घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि दरवेळी नवीन कट घेऊन मोजा. लक्षात ठेवा, व्यासात ०.०६ चा फरक म्हणजे टूल फक्त ०.०३ सरकलंय, एवढ्याशा गोष्टीसाठी बेड उतरवायचा म्हणजे फारच झालं.

बरेच जण इथे स्पिरिट लेव्हल घेऊन मशीन लेव्हल करत बसतात. मशीन जमिनीला समांतर असलंच पाहिजे असं काही नाही, ते एका बाजूला कललेलं असलं तरी चालतं (जहाजांवरसुद्धा लेथ असतात आणि चालतात), पिळ मात्र चालत नाही. लेव्हलचा उपयोग एवढाच की बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून बुडबुडा दोन्हीकडे सारखा दिसतो का ते बघायचं, आणि त्यासाठीही सुताराची लेव्हल उपयोगाची नाही, मशीन लेव्हलच लागते. ती नसेल तर दोन कॉलर पुरेशा आहेत.

टेलस्टॉकशिवाय जॉब सरळ आला आणि टेलस्टॉक लावल्यावर टेपर आला (एक टोक जाड, एक बारीक) तर टेलस्टॉक बाजूला सरकलाय, त्याच्या बुडाशी दोन्हीकडे अॅडजस्टिंग स्क्रू असतात त्यांनी जागेवर आणता येतो. हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या डावीकडच्या भागाचे) बोल्ट मात्र या सगळ्यात सोडू नका. ते अगदी शेवटी, आणि जाणकार माणूस बरोबर असतानाच. ओळखीत कुणी औंध आयटीआयमधून टर्नर झालेले जुने गृहस्थ असतील तर त्यांना चहाला बोलवा, त्यांच्या हाताचा अंदाज तुमचे दोन दिवस वाचवेल.

प्रश्न (निगडी): गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटा चायनीज लेथ आहे, सात बाय चौदा इंचवाला. पावसाळ्यात रोज सकाळी बेडवर दव पडल्यासारखं ओलं असतं आणि दोन दिवसांत गंज. प्लॅस्टिकने पूर्ण गुंडाळून ठेवतो तरी तेच. काय करू?

उत्तर: दादा, ते प्लॅस्टिक आजच्या आज काढा. रात्री बीड थंड पडतं, सकाळी दमट हवा तापते आणि थंड लोखंडाला लागली की तिचं पाणी होतं. प्लॅस्टिकच्या आत अडकलेली हवाही दमटच असते, आणि ते पाणी मग उडून जायला जागाच राहत नाही. त्याऐवजी जुनी सुती चादर टाका आणि चादरीच्या आत मशीनच्या खाली, कापडाला अजिबात चिकटणार नाही अशा बेताने, जाळीच्या पिंजऱ्यात एक ४० वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवा. एलईडी चालणार नाही, आपल्याला उजेड नको, ऊब हवीये. मशीन आजूबाजूच्या हवेपेक्षा दोनतीन अंशांनी गरम राहिलं की त्यावर दव धरत नाही, एवढंच त्याचं शास्त्र आहे. पत्रा गळत असेल तर अर्थातच आधी पत्रा बघा, आणि ओल्या शेडमध्ये वायरिंग धड नसेल तर बल्बचा नाद सोडून मशीन सरळ घरात आणा, चाळीसएक किलोचं असतं, दोघांना उचलतं.

आलेला गंज काढायला पॉलिश पेपर घेऊ नका. त्याची कणी बिडात रुतते आणि मग कॅरेज स्वतःच्याच हाताने बेड घासत राहतं. वरवरचा गंज असेल तर तेल टाकून हिरव्या स्क्रबरच्या अगदी बारीक प्रकाराने हलकं चोळा, टिपके असतील तर दाढीच्या ब्लेडने सपाट धरून खरवडा, आणि नंतर सगळं कापडाने पुसून घ्या, बोट फिरवलं की कापडावर काळं येणं थांबेपर्यंत. रॉकेल आता शहरात सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन धुवायला उत्तम, फक्त खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ठिणगी नको. काळसर डाग राहिले तर राहू देत, त्याने कामात काहीही फरक पडत नाही, खड्डा किंवा उंचवटा पडतो.

सुटे पार्ट, म्हणजे जुने टूल होल्डर, हँडल, ब्रॅकेट वगैरे, फारच गंजले असतील तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने इलेक्ट्रोलिसिस करता येतं. पार्ट निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साध्या लोखंडाचा तुकडा. स्टीलची जुनी पळी किंवा ताटली लावायचा मोह होतो, ते करू नका, स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करा. बेअरिंग, कडक केलेले पार्ट आणि पितळ लागलेले पार्ट त्यात घालायचे नाहीत.

प्रश्न (सदाशिव पेठ): लेथला कुठलं तेल? एकजण म्हणतो गाडीचं इंजिन ऑइल, एकजण म्हणतो ग्रीस, मी सध्या डब्ल्यूडी-४० मारतो.

उत्तर: बेड आणि स्लाइडला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल. ते चिकट असतं, जागेवर टिकतं आणि हळू सरकताना स्लाइड धक्के खात नाही. बुशवाल्या किंवा गिअरवाल्या हेडस्टॉकला मशीनच्या पुस्तकात जे ग्रेड दिलंय तेच, पुस्तक नसेल तर बहुतेक छोट्या मशीनना ३२ किंवा ४६ चं हायड्रॉलिक ऑइल चालून जातं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि साफ करायला चांगलं आहे पण ते उडून जातं, तेलाची जागा घेऊ शकत नाही. बेडवर ग्रीस अजिबात नको, कीस त्यात अडकून बसतो आणि त्याचीच कानस होते. इंजिन ऑइलमध्ये घाण धरून ठेवणारे डिटर्जंट असतात, ते फिल्टर असलेल्या इंजिनसाठी, इथे फिल्टर कुठाय? नाइलाज असेल तर कोरड्यापेक्षा तेही बरं.

आणि तेल ओतण्याआधी पुसायचं. घाणीवर ओतलेलं तेल घाण आत घेऊन जातं. कॅरेजच्या दोन्ही टोकांना फेल्टचे वायपर असतात ना, ते एकदा काढून बघा, त्यात अडकलेला चमचमता चुरा बघून तुम्हीच लगेच नवे घ्याल.

प्रश्न (धायरी): छोट्या लेथवर २० एमएमचा एमएस बार पार्टिंग टूलने (जॉब आडवा कापून वेगळा करणाऱ्या ब्लेडने) कापताना भयंकर थरथरतं, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे वर येतात. दोन ब्लेड तुटली. मशीनच कमजोर आहे का?

उत्तर: मशीन छोटं आहे, त्यामुळे ते ढिलाई सहन करत नाही असं म्हणूया. पार्टिंग हे लेथवरचं सगळ्यात खडूस काम, एरवी लपलेली प्रत्येक ढिली जागा ते बाहेर काढतं. म्हणून आधी गिब (स्लाइडमधली ढिलाई भरून काढणारी पट्टी) बघा. मॅग्नेट स्टँड कॅरेजवर ठेवा, डायलचा काटा टूल पोस्टला टेकवा आणि टूल पोस्ट हाताने मागेपुढे ढकला, ओढा. काटा ०.०२ च्या आत हलून परत जागेवर येतोय तर ठीक. ०.०५, ०.०८ असा नाचत असेल तर गिब ढिली आहे. क्रॉस स्लाइडच्या बाजूला जे छोटे ग्रब स्क्रू आणि त्यावर नट दिसतात ते तिचेच. मधल्या स्क्रूपासून सुरुवात करा, नट सोडा, स्क्रू स्लाइड अडेपर्यंत आवळा आणि मग साधारण एक अष्टमांश फेरा मागे घ्या, आता ॲलन कीने स्क्रू घट्ट धरून ठेवून नट आवळा. हे धरून ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर नटबरोबर स्क्रूही फिरतो आणि सेटिंग जातं. सगळे स्क्रू झाले की हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, पूर्ण प्रवासात हाताला सारखाच जडपणा लागला पाहिजे, बोटाने फिरलं पाहिजे पण सुळकन पळायला नको. हेच कंपाउंड स्लाइडचं (क्रॉस स्लाइडवर बसलेली छोटी स्लाइड). कंपाउंडची गरज नसेल तेव्हा ती आवळून लॉकच करून टाका.

मग टूल. ब्लेड होल्डरमधून लागतं तेवढंच बाहेर, २० एमएमच्या बारला १२ एमएम खूप झालं. धार बरोबर सेंटरला, टेलस्टॉकच्या सेंटरशी जुळवून बघा. ब्लेड जॉबला काटकोनात हवं, चकच्या तोंडाला टेकवून सरळ करून घ्या (मशीन बंद असताना, हे सांगायला नको). कापायची जागा चकच्या जितकी जवळ तितकं चांगलं. कॅरेज लॉक. आरपीएम आपण टर्निंगला ठेवतो त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी: एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने एमएसला टर्निंगचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर २० एमएमला ४०० च्या आसपास येतो, म्हणजे पार्टिंगला दोनशेच्या खाली. कटिंग ऑइल ब्रशने सतत. आणि एकदा कापायला लागलात की घाबरून हात थांबवू नका, थांबलात की टूल कापायचं सोडून घासायला लागतं आणि तिथूनच थरथर सुरू होते. कीस सपाट रिबिनीसारखा गुंडाळत वर येत असेल तर फीड बरोबर आहे, पिठासारखा चुरा पडतोय म्हणजे हात फार हळू आहे.

लांब जॉब असेल तर दोन्ही सेंटरच्या मधे पार्टिंग कधीही करू नका, शेवटच्या क्षणी जॉब मिटतो, ब्लेड चावतो आणि सगळंच उडतं. बार चकबाहेर व्यासाच्या तीनचार पट गेला की टर्निंगला टेलस्टॉकचा आधार हवाच (वरची हलक्या कटची दोन कॉलरची चाचणी सोडून), पण पार्टिंग नेहमी चकच्या तोंडाशी.

प्रश्न (हडपसर): मोटर सिंगल फेज, १ एचपी, कपॅसिटरवाली. स्विच दिला की नुसती गुणगुणते, फिरत नाही. रिवाइंडिंगला देऊ का?

उत्तर: इतक्यात नको. आणि गुणगुणत असताना स्विच धरून ठेवू नका, काही सेकंदांत स्टार्टिंग वाइंडिंग जळू शकतं, मग मात्र रिवाइंडिंगच.

प्लग काढा. पट्टा उतरवा. मोटरचा शाफ्ट आणि लेथचा स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य दांडा) दोन्ही हाताने वेगवेगळे फिरवा. स्पिंडल जड फिरत असेल तर मोटरचा दोषच नाही, बॅकगिअर (वेग कमी करणारे गिअर) आणि डायरेक्ट दोन्ही एकदम लागलेत का, बुश कोरडा आहे का ते बघा. मोटरचा शाफ्ट जड असेल तर बेअरिंग. दोन्ही मोकळे असतील तर उरले दोन संशयित, कपॅसिटर आणि आतला सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा). कपॅसिटरला हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करा, १०० वॉटच्या साध्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना इन्सुलेटेड क्लिपने काही सेकंद लावून, स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. कपॅसिटर फुगलेला, गळलेला दिसला किंवा मल्टिमीटरवर लिहिलेल्यापेक्षा बराच कमी आला तर बदला, तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जुना हातात घेऊन जा, तसाच काढून देतील.

कपॅसिटर चांगला असेल तर सेंट्रिफ्युगल स्विच. मोटर जेव्हा चांगली चालत होती तेव्हा बंद केल्यावर हळू होता होता एक टिक असा आवाज यायचा का, आठवा. तो या स्विचचा. लेथवरची मोटर जाळीतून बारीक कीस आत ओढते आणि तो नेमका या कॉन्टॅक्टवर बसतो. उघडून साफ केलं, कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरने पुसले की बऱ्याचदा मोटर सुरू होते. इथे पॉलिश पेपर चालतो, बेडवर नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की याच मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावून स्पीड कमीजास्त करता येईल का. नाही. कपॅसिटर मोटरला ते चालत नाही, त्यासाठी थ्री फेज मोटर घ्यावी लागेल, सिंगल फेज इनपुटवाला व्हीएफडी तिला घरच्या लाइनवर चालवतो. छोट्या थ्री फेज मोटर बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, त्या २३० ला डेल्टामध्ये घ्याव्या लागतात, सहा टोकं बाहेर काढलेली आहेत का हे विकत घेतानाच बघा. चक आट्यांवर बसणारा असेल तर व्हीएफडीने एकदम ब्रेक किंवा उलटं फिरवणं टाळा, चक सुटून बाहेर येतो.

आणि अर्थिंग. पेठेतल्या जुन्या वाड्यात असो की नव्या सोसायटीत, लेथचं पूर्ण लोखंड तुमच्या हातात असतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग खरंच आहे ना हे मोजून घ्या आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एक असला की दुसरं नको असं नाही, दोन्ही हवेत. यात काटकसर करू नका, कळकळीने सांगतोय.

प्रश्न (बिबवेवाडी): थ्री जॉ (तीन जबड्यांच्या) चकमध्ये बार धरला की ०.०८ चा रनआउट (फिरताना बार बाजूला डुलणं) दिसतो. नवा चक घ्यावा का?

उत्तर: थ्री जॉ साठी हा फार वाईट आकडा नाही, साध्या चकचा इतका असतोच. आधी जॉ काढा, स्क्रोलमधला (जॉ आतबाहेर सरकवणाऱ्या आतल्या चकतीतला) कीस ब्रशने साफ करा, आणि १, २, ३ नंबर बघून त्याच क्रमाने परत घाला, क्रम चुकला की रनआउट भलताच येतो. मग चक उतरवून बॅकप्लेटची आणि स्पिंडलची बसायची जागा पुसा, तिथे अडकलेला एक बारीकसा कण पुरतो. डायल स्पिंडलच्या आतल्या टेपरला लावून बघा, तिथे काटा हलत नसेल तर स्पिंडल चांगला आहे. बार चकमध्ये धरून एकाच वेळेत सगळं टर्निंग केलंत तर रनआउटचा प्रश्नच येत नाही, जॉब परत पकडायचा असेल तेव्हा फोर जॉ (प्रत्येक जबडा वेगळा सरकणारा चक) आणि डायल. पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या फोर जॉवर खर्चा.

प्रश्न (वारजे): मी पितळी समया, दिवे दुरुस्त करते, सध्या टर्निंग बाहेरून करून घेते. स्वतःसाठी जुना छोटा लेथ घ्यायचा विचार आहे. भोसरीत दोन मशीन बघितली, दोन्हींना नवा हिरवा रंग मारलाय. काय बघून घेऊ?

उत्तर: ताई, रंगाकडे बघूच नका, डायल आणि मॅग्नेट स्टँड पिशवीत घालून जा. मालकाने लावू दिलं नाही तर ते मशीन सोडा.

बेडच्या चकजवळच्या भागावर नख आडवं फिरवा. कॅरेज जिथपर्यंत पोचत नाही तिथला बेड कोरा राहतो, त्याच्या कडेला नखाला पायरी लागली तर झीज आहे. मग कॅरेजचं लॉक चकजवळ किंचित आवळा, जेमतेम हलेल इतपत, आणि कॅरेज टेलस्टॉककडे न्या. थोडं जड झालं तर चालतं, मधेच अडकलं तर बेडमध्ये बराच फरक आहे. क्रॉस स्लाइडचं हँडल उलटसुलट फिरवून किती मोकळं फिरतं ते हँडलच्या रिंगवरच्या खुणांवर वाचा. एवढ्याने मशीन नाकारू नका, पितळी नट झिजलेला असतो आणि तो नवा करता येतो, किंमत कमी करायला मात्र उपयोगी. चकमध्ये अर्धा फूट बार धरून वरखाली उचला आणि स्पिंडलवर डायल बघा, तिथे ०.०५ च्या वर हललं तर बुश किंवा बेअरिंगचं काम आहे. चेंज गिअर (आटे पाडताना बदलायचे गिअर) सगळे आहेत का मोजा, एखादा गिअर हरवलेला असला की आटे पाडायची सोय अर्धी होते आणि जुळणारा गिअर मिळवताना फार पायपीट होते. पुण्यातल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधीकधी सापडतात, पण दातांचा मोड्यूल (दाताचं माप) जुळायला हवा. मशीन घरी आल्यावर गिअर लावताना दोन गिअरच्या मधे साध्या कागदाची पट्टी घालून जुळवा, आवळा, कागद फिरवून बाहेर काढा, तेवढी फट बरोबर असते आणि गिअर किंचाळत नाहीत.

पितळाला वेगळं टूल लागेल, वरचा रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) शून्य, नाहीतर टूल आत ओढलं जातं. कटिंग ऑइल नको, कोरडंच करा, आणि चष्मा लावल्याशिवाय नाही, पितळाचा कीस सुयांसारखा उडतो. साडीचा पदर, ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, हातमोजे, यातलं काहीही मशीनजवळ नको, केस बांधलेले. चकची चावी चकमध्ये राहू द्यायची नाही, हात चावीवरून काढायचा तो चावी घेऊनच.

हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा जुना छोटा लेथ कुठे दिसला तर तो आधी बघा, बीड चांगलं आहे त्यांचं. बटाला, राजकोटच्या मशीनमध्ये बरंवाईट दोन्ही मिळतं, प्रत्येक मशीन स्वतंत्र तपासायचं.

घरी आणताना चक, टेलस्टॉक, मोटर आधी उतरवून घ्या, कॅरेज टेलस्टॉकच्या टोकाला सरकवून लॉक करा म्हणजे वजन मधे येईल, हेडस्टॉककडचं टोक फार जड असतं. पट्टा बेडखालून घालायचा, लीड स्क्रू (कॅरेज चालवणारा लांब आट्यांचा दांडा) किंवा स्पिंडलला दोर बांधून कुणी उचलायला लागलं तर तिथेच थांबवा, लीड स्क्रू एकदा वाकला की कॅरेज प्रत्येक फेऱ्याला अडखळतं. टेम्पोत मशीन उभंच हवं, दोन्ही बाजूंनी बांधलेलं, वरून जड असल्यामुळे वळणावर ते पटकन कलंडतं. वारज्यात तुमचं घर पहिल्या मजल्यावर आहे म्हणता, तर जिना मोजून घ्या आणि स्टँड वेगळा, मशीन वेगळं असं वर न्या.

पुढच्या अंकात फक्त टूल घासण्याचे प्रश्न घेतोय, एचएसएसच्या कोनांबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी टूलचा बाजूने आणि समोरून असे दोन फोटो जरूर पाठवा.